गुजरीत जाण्याआधी: लग्नाच्या अंगठीचा धातू आणि तिच्या किमतीचा हिशेब

मंगळसूत्र घ्यायला निम्मं घर येतं. आई, सासूबाई, आत्या, सोन्यातलं कळतं असा एखादा मामा. साखरपुड्याच्या अंगठ्या घ्यायला मात्र बहुतेक वेळा ती दोघंच येतात. कोल्हापूरच्या सराफ बाजारात, म्हणजे गुजरीतल्या एका पेढीवर मी अकरा वर्षं काउंटरला होते. अशा कितीतरी जोड्या माझ्यासमोरच्या स्टुलांवर बसून गेल्या. शिकलेली, कमावती, मोबाईलवर सकाळचा भाव बघून आलेली. तरी पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: "अंगठ्या दाखवा की." कसली, किती वजनाची, किती कॅरेटची, रोज घालायची की कार्यक्रमापुरती, यातलं काहीच ठरलेलं नसायचं. मग ट्रेमध्ये जी डोळ्यांत भरेल ती बोटात जायची, आणि पावतीवरचा आकडा बघून दोघं गप्प व्हायची.

आपल्याकडे लग्नाचे दागिने म्हणजे मंगळसूत्र आणि जोडवी. ख्रिस्ती कुटुंबांत अंगठी लग्नविधीचाच भाग असते, बाकी घरांत ती साखरपुड्याच्या वाटेने आली आणि आता रुळली. त्यामुळे ठुशी, साज, बोरमाळ यांतलं सगळं कळणाऱ्या घरातही रोज बोटात राहणाऱ्या साध्या वळ्याबद्दल सांगणारं कोणी सापडत नाही. पहिल्यांदाच सराफाची पायरी चढणाऱ्यांसाठी ते इथे एकेक करून सांगते.

आधी हात बघा

धातूचं नाव काढण्याआधी एकमेकांना विचारा: ही रोज बोटात राहणार, की सणासमारंभाला डबीतून निघणार? दोघांचं उत्तर वेगळं आलं तर दोघांचा धातूही वेगळा असू द्या. जोडीच्या अंगठ्या एकसारख्याच हव्यात असा कुठे नियम नाही. आतून एकच तारीख कोरून घेतली की जोडी झालीच.

मग हात काय काम करतात ते बघा. आपल्या जिल्ह्यात हातांना भरपूर काम आहे. कोणी शिरोलीत फौंड्रीत, कोणी उद्यमनगरात लेथवर, कोणी सकाळ-संध्याकाळ धारा काढणारा, कोणी तालमीत माती अंगाला लावणारा. माझा धाकटा भाऊ टेम्पोच्या हौद्यातून खाली उडी मारत होता आणि अंगठी फाळक्याच्या कडीत अडकली. पूर्ण शरीराचा भार त्या एका बोटावर आला. हाड वाचलं, पण कातडी सोलून निघाली, आणि ते बोट आजही पुरतं मिटत नाही. तेव्हापासून यंत्रावर काम करणारा मुलगा समोर आला की मी धातूचं बोलण्याआधी हे सांगायची: कामाच्या वेळी बोटात अंगठी नको. ती सोन्याची असो, प्लॅटिनमची असो, नाहीतर स्टीलची. सुटीच्या दिवशीच घालायची असेल तर मग २२ कॅरेटचं मऊ सोनंही चालतं, कारण ते झिजायला वेळच मिळत नाही.

ज्यांचं काम कीबोर्डवर, फळ्यावर, स्वयंपाकघरात किंवा दवाखान्यात आहे त्यांची अंगठी खरी चोवीस तास बोटात राहते. त्यांना टिकणारा धातू लागतो. खडा नसलेली, कडा गोलसर केलेली बरी. उठावाची नक्षी आणि उंच बसवलेला खडा कणकेत भरतो, रबरी हातमोज्याला भोकं पाडतो, केसांत अडकतो. निकेल असलेल्या स्वस्त दागिन्याने कानाची पाळी खाजते असा कोणाचा अनुभव असेल तर तोही आताच लक्षात ठेवा. पांढरं सोनं घेताना तो कामाला येईल.

धातू एकेक करून

२४ कॅरेटपासून सुरुवात करते, कारण वडीलधारे हमखास तेच सुचवतात. शुद्ध सोन्याची वेढणी घ्यायची आपली जुनी रीत आहे, आणि साठवण म्हणून ती चांगलीच. पाडव्याला, गुरुपुष्यामृताला एकेक वेढणी घेऊन ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यांच्या शिस्तीला तोड नाही. पण रोजच्या वापराला शुद्ध सोनं फार मऊ. बादलीची कडी धरली तरी गोल वेढणी अंड्यासारखी होते.

२२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, बाकी मुख्यतः तांबं आणि चांदी. रंग आपल्या डोळ्याला सवयीचा, पिवळाधमक. मोडताना त्याला सगळीकडे मान आहे, कुठल्याही गावातला सराफ डोळे झाकून घेतो. साधं वळं हवं असेल आणि थोडे ओरखडे चालत असतील तर २२ कॅरेट घ्या. एकच अट घालते, जाडी दीड मिलिमीटरपेक्षा कमी नको. पातळ पट्टीचं २२ कॅरेटचं वळं तळहाताच्या बाजूने झिजत जातं आणि दहा-पंधरा वर्षांनी तिथे तारेसारखं होतं.

१८ कॅरेटमध्ये ७५० भाग सोनं आणि एक चतुर्थांश इतर धातू. जास्त कडक. खडा बसवायचा असेल तर इथेच या, कारण खडा धरणाऱ्या नख्या २२ कॅरेटमध्ये वाकतात. आपल्याकडे १८ कॅरेट म्हटलं की "म्हणजे भेसळीचं का?" असं विचारतात. ती भेसळ नाही. प्रमाण ठरलेलं असतं, ते अंगठीवर छापलेलं असतं आणि पैसेही त्याच प्रमाणात घेतले जातात. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा १८ कॅरेट २२च्या भावाने विकलं जातं. रोज घालायच्या अंगठीला माझा कौल १८ कॅरेटला आहे, आणि तो केवळ कडकपणासाठी नाही. हिशेब पुढे आहे.

१४ कॅरेट, म्हणजे ५८५ भाग, बजेट आवळतं असेल तेव्हा चांगला पर्याय. रंग थोडा फिका. ९ कॅरेट, म्हणजे ३७५ भाग, २०२५ मध्ये हॉलमार्कच्या, म्हणजे शुद्धतेच्या सरकारी खुणेच्या, चौकटीत आलं आहे. पण ते मोडायला गेल्यावर कोण किती देतो हे घेण्याआधी त्याच दुकानात विचारून, लिहून घ्या.

गुलाबी सोनं म्हणजे तांब्याचं प्रमाण वाढवलेलं सोनं. पांढरं सोनं ही मात्र थोडी समजून घ्यायची गोष्ट. सोन्यात पॅलेडियम किंवा निकेल मिसळून त्याचा पिवळेपणा घालवतात, तरी ते किंचित राखाडी-पिवळसर राहतं. म्हणून वर रोडियमचा पातळ मुलामा देतात. शोरूमच्या दिव्याखाली जी आरशासारखी पांढरी झळाळी दिसते ती या मुलाम्याची असते. रोज घातलेल्या अंगठीवर तो वर्षा-दोन वर्षांत उडतो आणि परत द्यावा लागतो. हे माहीत असून घेतलं तर पांढरं सोनं सुंदर आहे. माहीत नसताना घेतलेली जोडपी दीड वर्षाने "आम्हाला खोटं दिलंसा" म्हणून काउंटरवर यायची, आणि त्यांचा राग मला समजायचा, कारण विकताना त्यांना कोणी सांगितलेलंच नसायचं. निकेलची खाज असणाऱ्यांनी पॅलेडियमचं मिश्रण आहे का ते विचारावं.

प्लॅटिनम ९५० भाग शुद्ध असतं, अंगठीत आत 'पीटी ९५०' असं कोरलेलं असतं. रंग अस्सल पांढरा, मुलाम्याची गरज नाही, त्वचेला सोसतं. त्यावर ओरखडे उठत नाहीत हा समज चुकीचा. उठतात, पण ओरखड्यातला धातू गळून न जाता बाजूला सरकतो, म्हणून वजन फारसं घटत नाही. हळूहळू चकाकी मंद होते आणि कित्येकांना तीच आवडते. अडचण वेगळीकडे आहे. प्लॅटिनम १,७६८ अंशांना वितळतं, सोनं १,०६४ अंशांना. नेहमीच्या सोनाराच्या भट्टीवर आणि डाकावर (सांधा जोडायच्या मिश्रणावर) ते काम होत नाही. बोट जाड झालं आणि अंगठी वाढवायची म्हटली की ती बाहेरगावी पाठवावी लागू शकते. तुमच्या दुकानात हे काम कुठे होतं, किती दिवस लागतात, हे घेतानाच विचारा. जगाच्या बाजारात २०१५ पासून प्लॅटिनम सोन्यापेक्षा स्वस्त आहे, पण म्हणून अंगठी स्वस्त मिळते असं नाही. घडणावळ जास्त, आणि मोडताना घेणारेही मोजके. सोन्यासारखा सरकारी हॉलमार्क प्लॅटिनमला नाही, म्हणून शुद्धतेचं प्रमाणपत्र आणि परत घेण्याची लेखी अट, दोन्ही घ्या.

चांदीबद्दल थोडं. हातकणंगले तालुक्यातली हुपरी चांदीच्या दागिन्यांसाठी देशभर ओळखली जाते, आणि ती आपल्या दाराशी आहे. ९२५ची चांदी अंगठीला योग्य. हवेतल्या, घामातल्या गंधकाने ती काळवंडते, मऊ असल्याने चेपते, पण घासली की परत उजळते. लग्नाचा खर्च वाढत चालला असेल तर साखरपुड्याला चांदीच्या अंगठ्या घाला आणि सोन्याच्या पुढे सवडीने करा, असं मी दोन-तीन जोडप्यांना सुचवलं होतं. त्यातल्या एका मुलीने पहिल्या दिवाळीला येऊन सोन्याचं वळं नेलं आणि चांदीचं उजव्या हातात तसंच ठेवलं.

टायटॅनियम, टंगस्टन कार्बाइड, स्टील हे सराफाचे धातू नाहीत. स्वस्त, कडक, पण मोड शून्य, आणि अंगठी लहान-मोठी करणं जवळपास अशक्य. टंगस्टनची अंगठी बोट सुजल्यावर कापताही येत नाही, पकडीने दाबून फोडावी लागते. यंत्राचं काम नसेल तिथे दुसरी अंगठी म्हणून ठीक.

तीच अंगठी, निराळं वजन

दुकानात दहा ग्रॅमचा भाव सगळे विचारतात. पण धातू बदलला की त्याच मापाच्या अंगठीचं वजनही बदलतं, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

एक साधं वळं घेऊ. माप २० नंबर, म्हणजे आतला घेर साधारण ६० मिलिमीटर. रुंदी ४ मिलिमीटर, जाडी दीड. हेच वळं २२ कॅरेटमध्ये सुमारे ६.९ ग्रॅम भरतं, १८ कॅरेटमध्ये ६ ग्रॅम, १४ कॅरेटमध्ये ५.१, प्लॅटिनममध्ये ८, आणि चांदीत ४ ग्रॅम. सोनं जड, तांबं-चांदी हलकी. कॅरेट उतरलं की तेवढीच जागा हलक्या धातूने भरते.

आता पैसे. भाव रोज हलतो, म्हणून हिशेब सोपा जावा यासाठी शुद्ध सोन्याचा दहा ग्रॅमचा भाव १,००,००० रुपये धरते. मग २२ कॅरेटचा ग्रॅम ९,१६० रुपयांना आणि १८ कॅरेटचा ७,५०० रुपयांना. २२ कॅरेटच्या वळ्यात ६३,२०४ रुपयांचं सोनं आहे, १८ कॅरेटच्या वळ्यात ४५,००० रुपयांचं. शुद्धता उतरली १८ टक्क्यांनी, किंमत मात्र जवळपास २९ टक्क्यांनी, कारण भावही उतरला आणि वजनही. बोटात दिसायला दोन्ही तेवढ्याच रुंद, तेवढ्याच जाड. १४ कॅरेटमध्ये हीच अंगठी ३० हजारांच्या आत बसते. मी १८ कॅरेटचा आग्रह धरते तो यासाठी: ती जास्त टिकते आणि खिशालाही सोसते. फक्त सोनं साठवायचं असेल तर अंगठीच्या नादाला न लागता वेढणी घ्यावी.

वजन कमी करायला दुकानात आणखी एक वाट दाखवतात, पोकळ अंगठी. "ताई, जरा भारी दिसंल असं काय तरी दाखवा की, पण बजेट एवढंच हाय," असं मुलाचे वडील म्हणाले की ट्रेमधून हमखास पोकळ अंगठी बाहेर यायची. दिसायला जाडजूड, वजनाला तीन ग्रॅम. एकदा चेपली की ती सरळ होत नाही, मोठी करता येत नाही, डाक दिला की आत बसतो. रोजच्या अंगठीत पोकळ काम घेऊ नका. त्यापेक्षा रुंदी ४ची ३ मिलिमीटर करा, जाडी तशीच राहू द्या.

मोठी माणसं अजून तोळ्यात, मासात बोलतात. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, त्याचे १२ मासे, एका मासाच्या ८ गुंजा. आज दुकानदार तोळा म्हणतो तो १० ग्रॅमचा. "अर्ध्या तोळ्याची करा" असं आजी सांगते तेव्हा तिच्या मनात ५.८ ग्रॅम असतात आणि कारागीर ५ ग्रॅमची करतो. ऑर्डर देताना ग्रॅममध्येच बोला.

पावतीवर काय काय असतं

भाव सगळ्या दुकानांत जवळपास सारखाच. दुकानादुकानांत फरक पडतो तो घडणावळीत. आणि लग्नाच्या सगळ्या खरेदीत अंगठी ही सर्वांत लहान वस्तू असल्याने तिच्यावरची घडणावळ कोणी नीट बघत नाही.

घडणावळ तीन प्रकारे लावतात: टक्क्यांत, ग्रॅममागे, किंवा नगामागे. टक्क्यांची पद्धत ऐकायला सोपी वाटते. पण साध्या वळ्याला कारागिराची मेहनत किती? पट्टी ओढायची, वळवायची, डाक द्यायचा, घासायचं, पॉलिश. सोन्याचा भाव दुप्पट झाला म्हणून ही मेहनत दुप्पट होत नाही, टक्क्यातली घडणावळ मात्र होते. ५० हजारांच्या भावाला १२ टक्के म्हणजे २२ कॅरेटला ग्रॅममागे साधारण ५५० रुपये होते, लाखाच्या भावाला तेच १,१०० झाले. गाळ्यात मान मोडून बसणाऱ्या बंगाली किंवा आपल्या कारागिराच्या हातात त्यातलं किती पडतं, हा वेगळाच विषय. साध्या, नक्षी नसलेल्या वळ्याला नगामागे किंवा ग्रॅममागे ठरलेली मजुरी मागा. सगळे देतील असं नाही, पण विचारलं की टक्का तरी उतरतो. नक्षीकाम, दोन रंगांचं सोनं, खडे बसवणं, हे असेल तर जास्त घडणावळ रास्त आहे, तिथे घासाघीस करू नये.

काही ठिकाणी घडणावळ आणि वेस्टेज (घडवताना वाया गेलेलं सोनं) असं दोनदा लावतात. "दोन्ही मिळून किती?" एवढाच प्रश्न विचारा आणि एकच आकडा घ्या.

आता आपल्या २२ कॅरेटच्या वळ्याची पूर्ण पावती मांडू. सोनं ६३,२०४. घडणावळ १२ टक्के धरली तर ७,५८४. बेरीज ७०,७८८. त्यावर ३ टक्के जीएसटी, २,१२४. हॉलमार्कचे नगाला ४५ रुपये आणि त्यावरचा कर धरून ५३ रुपये. एकूण ७२,९६५ रुपये. उद्या याच भावाला मोडायला गेलात तर जास्तीत जास्त ६३,२०४ हातात येतील, म्हणजे ९,७६१ रुपये घडणावळ आणि करात गेले, ते परत येत नाहीत. तेवढा खर्च दोघांनी मनातून मान्य करूनच अंगठी घ्यावी. भाव वाढला तर हा खड्डा भरतो, पण त्या आशेवर अंगठी घेऊ नये.

खडा असेल तर पावतीवर ग्रॉस (खड्यासकट) आणि नेट (नुसत्या सोन्याचं), दोन वजनं हवीत. सोन्याचा भाव फक्त नेट वजनाला लागतो. अमेरिकन डायमंडचं वजन सोन्याच्या भावाने मोजलेल्या पावत्या मी पाहिल्या आहेत, आणि त्या घेऊन आलेली माणसं साधी, विश्वासाने आलेली होती.

काटा काचेच्या पेटीतला हवा, अंगठी ठेवण्याआधी त्यावर शून्य दिसायला हवा, आणि पेटीचं दार लावून वजन व्हायला हवं. पंख्याच्या वाऱ्यानेही आकडा हलतो. लाखाच्या भावाला ०.१ ग्रॅम म्हणजे ९१६ रुपये. आपल्या समोर काटा फिरवून दाखवायला सांगण्यात संकोच कसला?

ऑर्डर देऊन करून घेणार असाल तर भाव कुठल्या दिवसाचा, हे आधी ठरवा. आगाऊ रक्कम भरून भाव बांधून घेता येतो. बांधलेला भाव, किती ग्रॅमपर्यंत बांधला ते वजन, आणि अंगठी जड भरली तर वरच्या वजनाला कुठला भाव, या तिन्ही गोष्टी चिठ्ठीवर लिहून घ्या. माझ्या स्वतःच्या साखरपुड्याच्या वेळी एका दुकानात तोंडी भाव बांधला होता. न्यायला गेलो त्या दिवशी भाव चढलेला, आणि तिथल्या नव्या माणसाने "आम्हाला कोणी काही सांगितलेलं नाही" म्हणून हात वर केले. वडिलांनी वाद घातला नाही, फरक भरला. त्यांचा उतरलेला चेहरा मी विसरलेले नाही. पुढे काउंटरला बसले तेव्हा प्रत्येक चिठ्ठीवर भाव मी स्वतः लिहायची.

आणि शक्य असेल तर दसऱ्याला, अक्षय तृतीयेला किंवा पाडव्याला अंगठी निवडायला जाऊ नका. मुहूर्तावर हातात घ्यायची असेल तर घ्या, पण निवड आणि माप आठवडाभर आधी उरका. त्या दिवशी महाद्वार रोडपासून गुजरीपर्यंत पाय ठेवायला जागा नसते, आणि तुमच्या प्रश्नांना उत्तर द्यायला कोणाकडे वेळही नसतो.

हॉलमार्क, आणि दोन ग्रॅमची फट

सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, नसलेला हॉलमार्क दागिना विकता येत नाही. अंगठीच्या आतल्या बाजूला भिंगातून तीन खुणा दिसतात: भारतीय मानक ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता, म्हणजे २२ कॅरेटला ९१६ आणि १८ला ७५०, आणि तो सहा अक्षरी क्रमांक. भिंग मागा, दुकानात असतंच. मग 'बीआयएस केअर' ॲपमध्ये क्रमांक घाला. कोणत्या केंद्रात तपासणी झाली, शुद्धता किती, आणि दागिना कोणता, हे दिसतं. तिथे 'अंगठी'च्या जागी दुसराच दागिना दिसला तर अंगठी खाली ठेवा.

आता नव्यांना माहीत नसलेली गोष्ट. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या सोन्याच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. नवरीसाठी घेतलेलं नाजूक वळं पुष्कळदा दीड-पावणेदोन ग्रॅमचंच असतं. म्हणजे ते कायद्यानेच विनाहॉलमार्क विकता येतं, आणि त्यात दुकानदाराची काही लबाडी असतेच असं नाही. पण ते किती कॅरेटचं, हे तुम्हाला फक्त त्याच्या शब्दावर घ्यावं लागतं. म्हणून मी सांगेन, रोज घालायची अंगठी दोन ग्रॅमच्या वर न्या. ती टिकेलही आणि तिच्यावर खूणही असेल. हलकीच हवी असेल तर कॅरेट पावतीवर ठळक लिहून घ्या.

शंका आली तर हॉलमार्किंग केंद्रात ग्राहक स्वतः जाऊन तपासणी करून घेऊ शकतो, चार नगांपर्यंत २०० रुपये शुल्क आहे. हॉलमार्क असूनही शुद्धता कमी निघाली, तर कमी पडलेल्या सोन्याच्या फरकाची दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागण्याचा हक्क नियमांत दिलेला आहे. त्यासाठी पक्की पावती लागते. कर वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या अंगठीला हा हक्क कुठून मिळणार?

घरचं सोनं घालून अंगठी

आजीच्या सोन्यातून नातवाची अंगठी, ही कल्पना मला मनापासून आवडते. पण कुठला डाग, म्हणजे दागिना, मोडायचा ते विचारपूर्वक ठरवा. तुटलेली साखळी, एकटं राहिलेलं कर्णफूल, वाकलेली बांगडी मोडा. एकवीस पानांचा कोल्हापुरी साज दोन अंगठ्यांसाठी मोडू नका. तसं काम करणारे हात कमी होत चालले आहेत, आणि मोडीत त्या कामाचा एक रुपया मिळत नाही.

जुना डाग देताना वजन आधी तुमच्यासमोर व्हायला हवं. बोरमाळेसारख्या दागिन्यांच्या मण्यांत लाख भरलेली असते, खडे असतात, डाक असतो, त्यामुळे आटणीनंतर, म्हणजे वितळवल्यावर, वजन घटणार हे धरून चला. शुद्धता मोजणारं यंत्र वरवरचा थर वाचतं, म्हणून आटवून झालेल्या गोळीची तपासणी खरी. आटणी होईपर्यंत तिथेच थांबा, चहा आला तरी जागेवरच प्या. तुमच्याच सोन्याची अंगठी घडवून घेतली तर कर फक्त मजुरीवर, ५ टक्के लागतो. तसं करायचं की जुनं देऊन नवं घ्यायचं, दोन्ही हिशेब कागदावर मांडायला सांगा.

माप

बोट दिवसभरात बदलतं. सकाळी गार हवेत बारीक, दुपारी जेवणानंतर आणि उन्हात जाड. माप संध्याकाळी द्या, आणि साखरपुडा मे महिन्यात असेल तर जानेवारीच्या थंडीत दिलेल्या मापावर विसंबू नका. सांध्यावरून जाताना किंचित अडायला हवी आणि खाली गेल्यावर फिरायला हवी. रुंद अंगठी घट्ट बसते, म्हणून पाच-सहा मिलिमीटरच्या वळ्याला एक नंबर वाढवून बघा. होणाऱ्या नवरीला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून तिच्या बहिणीकडून चोरून आणलेल्या अंगठीच्या मापावर केलेल्या कितीतरी अंगठ्या परत आल्या आहेत. कुठल्या बोटातली अंगठी आणली हेच कोणाला माहीत नसायचं.

साधं वळं पुढे लहान-मोठं करता येतं. पूर्ण घेरभर खडे किंवा नक्षी असेल तर नाही. बाळंतपणात, वय वाढताना बोट बदलणार आहेच, म्हणून निदान थोडा भाग साधा सोडलेलं डिझाइन घ्या.

हातात घेताना आणि नंतर

न्यायला जाल तेव्हा परत वजन करा, परत माप घाला, परत खुणा बघा. कोरीवकाम हॉलमार्कच्या खुणांवरून गेलेलं नाही ना, तेही. पुढे अंगठी वाढवायला किंवा पॉलिशला द्याल तेव्हा जाण्याआधीचं आणि आल्यानंतरचं वजन लिहून ठेवा, कारण प्रत्येक पॉलिशमध्ये थोडा धातू जातोच. पोहण्याच्या तलावात आणि ब्लीचने फरशी पुसताना अंगठी काढा, क्लोरीन सोन्यातल्या इतर धातूंना खातो. घरात पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर काच गोळा करण्याआधी अंगठी उतरवा. पारा सोन्याला लागला की ते जागेवर पांढरं पडतं आणि ठिसूळ होतं.

पावतीचा फोटो त्याच दिवशी काढून दोघांच्याही मोबाईलमध्ये ठेवा. अनेक दुकानांतली पावती थर्मल कागदावरची असते, वर्षा-दोन वर्षांत तिच्यावरची अक्षरं उडतात आणि मोडायला जाल तेव्हा हातात कोरा कागद उरतो.